चंद्र चौकटीत थांबत नाही

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, चंद्र एका जागी थांबत नाही.

ही गोष्ट शाळेत शिकवतात. पंचांग छापणाऱ्यांचं तर पोटच तिच्यावर चालतं. मला मात्र ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बुऱ्हाणपुरातल्या आमच्या गच्चीवर, कमरेत उसण भरल्यावर कळली. तोवर मी चंद्राला एक बैठा, सुशील गृहस्थ समजत होतो. संध्याकाळी येतो, शांत बसतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याच्या मागे लांब पल्ल्याची लेन्स घेऊन लागलो तेव्हा समजलं की हा गृहस्थ सतत निघायच्या तयारीत असतो.

आज हे सगळं आठवायचं कारण वांगी. बाजारात भरिताची लांब हिरवी वांगी आली आहेत. संध्याकाळ झाली की गल्लीत कुठेतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात, त्यात वांगी टाकली जातात आणि धूर थंडीने वर जातच नाही. तो गुडघ्याएवढ्या उंचीवरून दारोदार फिरतो, वसुलीला आल्यासारखा. काल तो आमच्या जिन्यात शिरला आणि मी पायरीवरच थांबलो. शोभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, खालून म्हणाली, "अहो, काय झालं? गुडघा का?" मी म्हटलं, "नाही, माघ." ती परत कामाला लागली. त्या माघाला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात तो शब्द अजून एवढा पुरतो.

त्या हिवाळ्यात मी ती लेन्स घेतली होती. इंदुरात लग्नांचे फोटो काढणाऱ्या एकाने जुनी म्हणून काढून टाकली आणि मी नवी म्हणून घरात आणली. चांगली हातभर लांब. शोभाने तिचं नाव तोफ ठेवलं. "असीरगडावर नेऊन ठेवा," ती म्हणाली, "तिथे निदान कुणी विचारणार नाही की ही कशाला." मी तिला टाइमलॅप्स समजावून सांगितला. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, थोड्या थोड्या वेळाने तो आपोआप फोटो काढतो, मग ते सगळे एकापुढे एक लावले की तीन तासांचा चंद्र अर्ध्या मिनिटात आभाळ चढून जातो. शोभाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घाई कुणाला आहे?"

माझं स्वप्न साधं होतं. आमच्या गच्चीवरून जामा मशिदीचे दोन मिनार दिसतात. त्या दोघांच्या मधून पूर्ण चंद्र वर येताना पकडायचा. लेन्समधून पाहिलं की मिनार आणि चंद्र एकाच भिंतीवर टांगल्यासारखे जवळ येतात, एवढा मोठा चंद्र की हात लावावा. पण तो रोज उगवायची जागा बदलतो. एके दिवशी मिनारांच्या डावीकडे, दुसऱ्या दिवशी भलतीकडे, तिसऱ्या दिवशी नेमका शेजाऱ्यांच्या काळ्या पाण्याच्या टाकीमागून, ऐसपैस, टाकीतूनच अंघोळ करून निघाल्यासारखा. लेन्स जितकी लांब तितका तो वेगाने पळतो. चौकटीच्या मधोमध बसवावा, चहाचा घोट घ्यावा, की हा कडेला. आणखी एक घोट, की अर्धा बाहेर. आणि त्याला हात लावून मागे ओढायची सोय नाही, आपणच तोफ वळवायची. वळवताना श्वास सोडला तरी चंद्र थरथरतो. शोभाने खाली कणीक तिंबायला घेतली की वर चंद्राला हुडहुडी भरायची. मी जिन्यातून ओरडायचो, "कणीक थांबव." ती खालून, "मग पोळ्याही चंद्राच्याच खा."

समोरचे लूमवाले चाचा संध्याकाळी गच्चीवर येऊन माझी ही धडपड बघत. त्यांच्या मागांची खटखट खाली चालू असायची. एकदा फार कळवळून म्हणाले, "भाई, चांद तो अपने आप निकल आता है. आप क्यों परेशान होते हो?"

याच हिवाळ्यात मंजू माहेरपणाला आली. मंजू माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी, शोभा आणि ही गच्ची. जावई सुरतेला नोकरीत, ते तिला सोडून परत गेले. तिला सातवा लागला होता. आमच्याकडे सातव्यात ओटीभरण होतं, हिरवा चुडा होतो, फुलांची वाडी होते. आमच्याकडे त्यातलं काहीच झालं नाही, कारण याआधी दोनदा सगळं ठरवून, साड्या घेऊन, गाणारणींना सांगून झालं होतं आणि दोनदा त्या साड्या घडी न मोडता कपाटात गेल्या होत्या. म्हणून या वेळी घरात कुणी बाळ हा शब्दच काढत नव्हतं. शोभा म्हणायची, "मंजूची तब्येत." मी म्हणायचो, "ते सगळं." कामवाली बाई म्हणायची, "हो न, बरोबर." असा एक जीव आमच्यात वावरत होता ज्याला सर्वनामसुद्धा मिळालेलं नव्हतं.

मी स्वभावाने बडबड्या माणूस. लग्नकार्यात मला मुद्दाम वऱ्हाड्यांमध्ये बसवतात, जेवण उशिरा असलं तर लोकांना कळू नये म्हणून. त्या महिन्यात माझं बोलणं आटलं. मंजू समोर बसून हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलायची आणि मला एक साधा विनोद सुचायचा नाही. माणसाला काही करता येत नसलं की तो काहीतरी करत राहतो. मी चंद्र काढत राहिलो.

मंजू शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात चेंडू आणि बॅटरी घेऊन ग्रहण इतकं सुंदर समजावते की पोरं घरी जाऊन आजीला शिकवतात. तिनेच मला सांगितलं, "दादा, माघी पौर्णिमेला चंद्रग्रहण आहे. उगवतानाच लागलेलं असेल. तांबडा चंद्र वर येईल. तुझ्या तोफेला याहून चांगला मुहूर्त नाही." सांगताना तिचा आवाज अगदी वर्गातला होता. मग ती थांबली, हातातला घाटा न सोलताच परातीत ठेवला आणि म्हणाली, "मतलब मला त्या दिवशी बसावं लागेल."

बसावं लागेल म्हणजे ग्रहण पाळावं लागेल. पोटुशी बाईने ग्रहणात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. मी एरवी यावर अर्धा तास सहज बोललो असतो. तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कारण दुसऱ्या वेळी, सासरी, पाहुण्यांच्या सरबतासाठी तिने एक लिंबू कापलं होतं. त्या दिवशी ग्रहण आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. पुढे जे व्हायचं ते झालं आणि मग कुणीतरी बसल्या बैठकीत ते लिंबू आठवलं. बोलणारी बाई बोलून गेली. ग्रहण कसं लागतं ते मंजूला पाठ होतं, पण ते लिंबूही पाठ होतं.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी तुकईथडहून आत्या आली, एका हाताने वांग्यांची पिशवी आणि दुसऱ्या हाताने सगळं घर ताब्यात घेत. ही माझ्या वडिलांची बहीण. केळीच्या बागा, दोन सुना आणि एक बैलजोडी तिने एकाच आवाजात सांभाळली. देशात राज्यांची जोडाजोड चालली होती त्या वर्षांतला तिचा जन्म. तिच्या लहानपणी कुठूनतरी रेघ आली, तिची मावशी महाराष्ट्रात गेली आणि ती मध्य प्रदेशात राहिली, दोघींची शेतं मात्र होती तिथेच. त्याबद्दल तिचं म्हणणं एवढंच, की आपल्यावरून काय काय जातं, आपण जागा सोडायची नाही. ग्रहणाबद्दलही तिचं मत थोडंफार हेच होतं.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी तिने आल्या आल्या खुडून ठेवलेली तुळस बाहेर काढली. ग्रहणात अन्न बाधू नये म्हणून त्यावर तुळशीचं पान ठेवतात. आत्याने पाण्याच्या माठात पान टाकलं, दुधात टाकलं, दह्यात, लोणच्याच्या बरणीत, मंजूला आवडते म्हणून सकाळीच आणलेल्या मावा जलेबीच्या डब्यात. मग ती गच्चीवर आली आणि माझ्या तोफेकडे पाहत म्हणाली, "हे काय करून राहिला रे बापू?"

"ग्रहण पकडतोय, आत्या."

"तुले ते सापडलं तं सोडून दे लवकर. खाली पोरगी बसेल हाय."

आणि तिने हातातलं शेवटचं पान लेन्सच्या तोंडाशी असलेल्या कडेत अलगद ठेवून दिलं. मी ते काढलं नाही. वर आलेल्या माणसाने दिलेलं पान काढायची माझी त्या दिवशी छाती नव्हती. माझी सगळी बुद्धी, सगळी वाचलेली पुस्तकं त्या पानाकडे बघत गप्प उभी होती.

दुपार कलली तशी मंजूला मधल्या खोलीत बसवलं. खिडकीला जाड चादर. आत्याचे नियम एकेक करून वाढत होते. आडवं होऊ नको. पाय दुमडू नको. हाताची घडी नको. खाजवू नको. कुलपात किल्ली फिरवू नको. मंजू खुर्चीत ताठ बसली, हात मांड्यांवर, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखी. मी दारातून विचारलं, "ठीक आहेस ना?" ती मान न हलवता म्हणाली, "जा तू. तुझा चंद्र येईल." मी वर आलो, तिकाटणं घट्ट केलं, वायर जोडली. वर एक जण न हलता पूर्वेकडे तोंड करून उभा, खाली एक जण न हलता भिंतीकडे तोंड करून बसलेली. माझ्या मनात आलं, दोघांची कामगिरी सारखीच आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. वरच्याचा फक्त फोटो बिघडणार होता.

सूर्य तापीपलीकडे गेला. पूर्वेला धुरकट निळं. चंद्रोदयाची वेळ झाली आणि चंद्र आला नाही.

आला असणार. पण सावलीत बुडालेला, वर संध्याकाळचा उजेड, खाली साऱ्या गावावर थंडीने दबलेलं धुरकं. मी लेन्स डावीकडून उजवीकडे फिरवली, उजवीकडून डावीकडे. मिनार दिसले, टाकी दिसली, टाकीवरचा कावळा अगदी रागावलेल्या भुवयांसकट दिसला. पौर्णिमेचा चंद्र नाही. चाचा त्यांच्या गच्चीवर डोळ्यांवर हात धरून उभे. "आज नहीं आया क्या?" त्यांनी विचारलं. आयुष्यात प्रथमच चाचा माझ्याइतके काळजीत दिसले.

मग तो सापडला. डाव्या मिनाराच्या बराच वर, आधीच उगवून आलेला, राखेत पुरलेल्या निखाऱ्यासारखा. लाल म्हणावा तर लाल नाही, विझला म्हणावा तर विझलेला नाही. एवढा मोठा गोळा, पण उजेड कणभर नाही. मी त्याला चौकटीत आणला, श्वास रोखला, वायरचं बटण दाबलं. कॅमेऱ्याची पहिली टिक् झाली. दुसरी झाली. आणि जिन्याच्या तोंडाशी शोभा उभी दिसली. ती कधी अशी हाक न मारता उभी राहत नाही.

"खाली या," ती म्हणाली. "मंजू म्हणतेय, आतून काही कळत नाहीये."

खोलीत आत्या मंजूसमोर जमिनीवर बसली होती. मंजू तशीच ताठ. "दुपारपासून हालचाल नाही, दादा," ती म्हणाली. "आधी वाटलं झोपलं असेल. मग वाटलं मी नीट बसले नाही म्हणून. मग उठायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही." हे सगळं ती इतक्या सावकाश बोलत होती की वाटावं, जोरात बोलणंही नियमात बसत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहले कुछ मीठा खिलाइए, ठंडा पानी दीजिए. बाएँ करवट लिटाइए और पेट पर हाथ रखिए. मैं क्लिनिक में ही हूँ, आधे घंटे में खुद फोन करती हूँ. तब तक कुछ न लगे तो तुरंत ले आइए."

फोन ठेवला. गोड, पाणी, आडवं होणं. आत्याच्या यादीतल्या तीन मोठ्या गोष्टी एका दमात सांगून बाई मोकळ्या झाल्या होत्या. शोभाने डबा आणला. मंजूने मान हलवली. "ग्रहण सुटू दे."

"मंजू, डॉक्टर म्हणतायत."

"मला माहितीये दादा डॉक्टर का म्हणतायत. पोटात साखर गेली की हालचाल होते. मला सगळं माहितीये." तिचा ओठ वाकडा झाला. "लिंबाने काही होत नाही हेही माहिती होतं. नाही खाणार मी."

मी तिच्याशी काय बोलणार होतो. चेंडू आणि बॅटरी तीच शिकवते. शोभा डबा धरून उभी. खिडकीच्या चादरीतून उजेड यायला बाहेर उजेडच नव्हता. मी आत्याकडे पाहिलं. तिने हट्ट धरला तर तो मोडायची ताकद कुणातच नव्हती, आणि नाही धरला तरी मंजूचा हट्ट मोडायची नव्हती.

आत्या उठली. तिने शोभाच्या हातातला डबा घेतला, वरचं तुळशीपान बाजूला केलं, मावा जलेबीचा एक मोठा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. ग्रहणात आत्याने पाण्याचा थेंब घेतलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. बाळंतिणीच्या तापात, शेतात, प्रवासात, कधीच नाही. ती उरल्यासुरल्या दातांनी जलेबी चावत राहिली, सगळ्यांसमोर, घाई न करता. गिळली. मग दुसरा तुकडा मोडून मंजूच्या ओठांशी धरला.

"खा. आता जे लागन ते पहिले मले लागन."

मंजूने तोंड उघडलं.

तिला डाव्या कुशीवर निजवलं. शोभाने पाणी पाजलं. आत्याने तिच्या पोटावर हात ठेवला आणि आम्ही वाट पाहू लागलो. वाट पाहणं हेही काम असतं असं लोक म्हणतात. काम असतं तर त्यात आपण काहीतरी केलं असतं. समोरच्या मागांची खटखट ऐकू येत होती. कुणीतरी रस्त्यावरून मोठ्याने बोलत गेलं. माझ्या हाताला पाकाचा चिकटपणा लागला होता, तो पुसायलाही मी हललो नाही.

त्या वेळात वर काय चाललं होतं ते मला पुष्कळ दिवसांनी, फोटो जोडल्यावर दिसलं. आजही ती फिल्म माझ्याकडे आहे. सुरुवातीला तांबूस चंद्र, तुळशीच्या पानामुळे जरा धुक्यातला. तो चौकटीच्या मधून निघतो, तिरपा वर सरकतो, कडेला टेकतो, अर्धा होतो, चिमूटभर उरतो, जातो. तोफ वळवणारा खाली होता. पुढे नुसता काळोख. कॅमेरा मात्र इमानेइतबारे त्या काळोखाचे फोटो काढत राहिला आहे. मध्ये एखादा तारा येतो, एका टोकाने शिरतो, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, इथे काही घडतंय याची त्याला गंधवार्ता नाही. लोकांना दाखवताना मी तेवढा भाग कापतो. एकटा असलो की तेवढाच बघतो. त्या काळोखात एक खोली आहे आणि खोलीत चार माणसं एका हाताकडे टक लावून बसली आहेत, हे मला दिसतं. जे आपल्या हातात नाही त्याला लोक आभाळ दाखवतात. मला तेव्हापासून आभाळ म्हटलं की आत्याचा तो हात आठवतो, केळीच्या डागांनी काळा पडलेला, बोटं पसरलेली, जराही न दाबणारा.

तो हात एकदम उचलला गेला. भाजल्यासारखा. मग परत टेकला, आणि मंजूने उशीत तोंड खुपसलं, आणि शोभा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. मंजूची पाठ हलत होती. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. मी तो आत्याच्या तोंडासमोर धरला, कारण हात तिचा होता. एरवी फोनवर डॉक्टर असला की आत्या आधी डोक्यावरून पदर घेते आणि मग हिंदी जमवत बसते. बाहेर ग्रहण भर रंगात होतं, सुटायला पुष्कळ अवकाश होता, गावात कुणाची चूल पेटलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाँ जी, कुछ मूवमेंट हुई?" आणि आमची आत्या बोलून गेली, "मारली बाई, मारली लाथ. तुम्ही बी आता दोन घास खाऊन घ्या."